रिकाम्या हातांची फेरी

मार्गशीर्ष अर्ध्यावर आला की आमच्या वॉर्डातली माणसं एकाएकी बरी व्हायला लागतात. कालपर्यंत कूस बदलायला तयार नसलेला गडी सकाळी खाटेवर ताठ बसलेला असतो. कंबरदुखीनं कण्हणारी बाई स्वतःच चादरीची घडी घालते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "सिस्टर, डिस्चार्ज कधी?" आम्ही काही जादू केलेली नसते. येळवस जवळ आलेली असते, बस्स.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या बिदर-भालकीच्या पट्ट्यात गावंच्या गावं घराला कुलूप लावून शेतात जातात. रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजायचे आणि मग जेवायला बसायचं ते दिवस कलेपर्यंत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे ताकात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली गारेगार आंबील. शेत नसेल त्यानं शेजाऱ्याच्या शेतात जायचं. आमंत्रण लागत नाही. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून पंगतीत बसवतात, आणि तो नको म्हणाला तर रागावतात.

आता वॉर्डाची इनचार्ज मी आहे, त्यामुळं ड्युटीचा तक्ता मीच लावते. महिनाभर आधीपासून सगळ्या सिस्टर माझ्याशी फार गोड वागतात. कुणी लोणचं आणते, कुणी माझ्या साडीचं कौतुक करते. एरवी ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नाही, त्यांनाही येळवशीला अचानक शेत उगवतं. मी सगळ्यांचं ऐकते, लोणचं ठेवून घेते आणि स्वतःचं नाव सकाळपाळीला सगळ्यांत वर लिहिते. दरवर्षी लिहिते. "मॅडमला शेताची हौसच न्हाई," असं पोरी मागं बोलतात, ते मला माहीत आहे. हौस आहे, भरपूर आहे. पण एक येळवस मी अशी काढली आहे की त्या दिवशी वॉर्ड दुसऱ्याच्या हवाली करायला मन घेत नाही.

आज सकाळी बसमधून उतरले तर रस्त्याकडेच्या तुरीचा वास आला. शेंगा भरल्यावर येतो तो, थोडा हिरवा, थोडा तेलकट. साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. थंडीनं माणसं कानाला मफलर बांधून एकमेकांना मोठ्यानं हाका मारत होती. आणि मला ती पहिली नोकरी आठवली, तालुक्याच्या त्या दवाखान्यातली. दवाखान्याचं नाव काही सांगत नाही. बावीस वर्षांची होते. पांढऱ्या कोटाला इतकी कडक इस्त्री करायची की बसताना आवाज यायचा.

तिथं शांताक्का इनचार्ज होत्या. मूळच्या कलबुर्गीच्या. राग आला की कानडीत बोलायच्या, माया आली की मराठीत. त्यामुळं राग की माया, ते आम्हांला पहिल्याच शब्दाला कळायचं. त्यांचा एक नेम होता. ड्युटीवर आलं की पहिली फेरी रिकाम्या हातांनी. हातात ट्रे नको, केसपेपर नको, बीपीचं मशीन नको, पेनसुद्धा नको. नुसतं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि बघायचं. मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "अक्का, नुसतं चालून काय व्हतंय? तेवढ्या येळात चार बीपी व्हतात की."

"हातात काय असलं की डोळं त्याच्याकडंच राहतंय," त्या म्हणाल्या. "ट्रे घेऊन गेलीस की तुला नुसते दंड दिसतात. माणूस दिसत न्हाई."

मला हे काही पटलं नव्हतं. कॉलेजात आम्हांला अग्रक्रम शिकवला होता, फळ्यावर, खडूनं रेघा मारून. आधी श्वास, मग रक्ताभिसरण, मग दुखणं, औषधं, आणि अगदी तळाला आंघोळ, वेणीफणी, मनाचं समाधान वगैरे. परीक्षेत ह्याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. अशा मुलीला नुसतं चालायला सांगणं म्हणजे अपमानच वाटायचा.

त्या वर्षी येळवशीला मला सकाळपाळी आली. दोन वाजता सुटले की आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मोटारसायकल घेऊन यायचं आणि मला थेट कमठाण्याच्या शेतात न्यायचं, असं ठरलं होतं. नोकरी लागल्यावरची पहिली येळवस. चुलत्या, आत्या, मावश्या, सगळ्या बिदरकडच्या बायका पंगतीत बसणार आणि मी पगारदार बाई म्हणून त्यांच्यात मिरवणार. आदल्या दिवशीच मी कोटाच्या खिशात यादी करून ठेवली होती. खाट एक ते बारा. कुणाला इंजेक्शन, कुणाला ड्रेसिंग, कुणाची सलाईन. ओळीनं करत जायचं, पुढं बरोबरची खूण मारत जायची, दोनच्या ठोक्याला बाहेर.

सकाळी आले तर रस्ता सुनसान होता. दवाखान्यासमोरचं चहाचं हॉटेल बंद, पानाची टपरी बंद, शेजारचं मेडिकल तेवढं अर्ध्या शटरानं उघडं. शांताक्का बाळंतपणाच्या खोलीत अडकल्या होत्या. वॉर्डात मी एकटी. रिकाम्या हातांची फेरी? तिला आज सुट्टी, म्हणलं. ट्रे घेतला आणि यादीप्रमाणं सुरू केलं.

सात नंबरच्या खाटेवर शरणप्पा होते. भालकीकडचे शेतकरी, सत्तरीचे, बसवण्णांना मानणाऱ्या घरातले. कपाळाला एरवी भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. साखरेच्या आजारानं पायाला जखम झाली होती, ती आता भरत आली होती. आदल्या संध्याकाळीच त्यांच्या हातातली सलाईनची सुई काढली होती, दोन दिवसांत घरी जायचे होते. बोलायला इतके मऊ की पाणी मागतानासुद्धा "तुला येळ असंल तर" म्हणायचे. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला अव्वाच म्हणायचो, कायम उशाशी असायची. त्या वेळी मात्र खाटेजवळ नव्हती.

साडेसातला मी त्यांची साखर तपासली आणि इन्सुलिन टोचलं. हे इन्सुलिन घेतलं की अर्ध्या तासात पोटात काही गेलंच पाहिजे, नाहीतर साखर उतरत जाते. मला ते पाठ होतं. दवाखान्याचं उप्पीट वाटून झालं होतं, त्यांच्या स्टुलावर ताट झाकून ठेवलेलं होतं. मी विचारलं, "अप्पा, नाश्टा खाणार न्हवं?"

"व्हय माय," ते म्हणाले.

मी यादीवर सातपुढं खूण मारली आणि पुढं गेले.

तेवढ्यात मागून चार नंबरवाल्या हणमंतरावांनी हाका सुरू केल्या. त्यांचा आवाज असा की आख्ख्या वॉर्डाला पुरून उरावा. "सिस्टर, हे बाटली संपायली की! हवा शिरंल न्हवं अंगात! आन् मला सोडायलाव का न्हाई? शेतात भज्जी वाट बघायली माझी!" बाटली अजून पाव भरली होती. मी समजावलं, ते ओरडले, मी परत समजावलं. त्यांच्या नातेवाइकांची फौज आली, तिला बाहेर काढलं. ह्या सगळ्यात तास गेला, आणि सात नंबरकडं मी एकदासुद्धा वळून पाहिलं नाही. का पाहावं? कागदावर अप्पांचं काम झालेलं होतं.

साडेआठला शांताक्का आल्या. रात्रभराच्या बाळंतपणानं डोळे लाल, पण दारात थांबून त्यांनी हात पुसले आणि रिकाम्या हातांनी चालायला लागल्या. एक, दोन, तीन. हणमंतराव काही ओरडले, त्यांच्याकडं एकदा बघून त्या पुढं गेल्या. सात नंबरपाशी थांबल्या.

"सुनंदा," त्यांनी हाक मारली. "अप्पा खाल्ले का?"

"व्हय अक्का. खातो म्हणले की."

त्यांनी ताटावरचं झाकण उचललं. उप्पीट जसंच्या तसं होतं. अप्पांच्या अंगात स्वेटर, बाहेर दात वाजवणारी थंडी, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब. बोटं शालीचं टोक उगाच चाचपत होती. शांताक्कांनी हाक मारली तर त्यांनी डोळे उघडले, पण कुणाकडं बघायचं ते त्यांना ठरवता येईना. मी धावत मशीन आणलं. साखर बेचाळीस.

अजून थोडी उतरली असती तर झटके आले असते, बेशुद्धी आली असती, आणि सत्तरीचा माणूस त्यातून परत येईलच असं कुणी सांगितलंय? शांताक्का कानडीत एक शब्द बोलल्या, तो मी इथं लिहीत नाही. डॉक्टरांना निरोप गेला. "तू शीर धर, ग्लुकोज चढव," त्या मला म्हणाल्या. "गिळायची शुद्ध हाय अजून. साखरपाणी मी बघते."

पण अप्पांनी ओठ घट्ट मिटून घेतले. चमचा लागला की मान वळवायचे. शुद्ध अर्धी गेलेली, पण एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं की तोंडात काही घ्यायचं नाही. आणि त्यांचं ते मिटलेलं तोंड बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लिंगपूजा झाली नव्हती. आंघोळ, भस्म, तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि मगच पाण्याचा पहिला घोट. हे काय मला कुणी शिकवायचं होतं? माझे स्वतःचे दादा असेच आहेत. लहानपणापासून रोज सकाळी बघत आले. त्यांची पूजा आटपेपर्यंत आई चुलीवरचा चहासुद्धा उतरवून ठेवायची. पण नोकरीवर येताना मी घरचं शहाणपण चपलांबरोबर दारातच काढून ठेवत होते, आणि आत फक्त फळ्यावरचं घेऊन जात होते. अज्ञान असतं तर एक वेळ स्वतःला माफ केलं असतं. ही नुसती घाई होती.

"अक्का, पूजा न्हाई झाली त्यांची," मी ओरडले.

तेवढ्यात अव्वा दारातून आली, हातात वाफाळती बादली. रोज पहाटे समोरच्या हॉटेलातून ती गरम पाणी आणायची आणि सहापर्यंत अप्पांची आंघोळ-पूजा आटपून जायची. आज हॉटेल येळवशीला बंद. थंड पाण्यानं आंघोळ नको म्हणून ती बिचारी मागच्या वस्तीत दारोदार फिरून आली होती. प्रत्येक दाराला कुलूप. शेवटी शिपायाच्या बायकोनं चूल पेटवून पाणी तापवून दिलं होतं.

शांताक्कांनी क्षणभरही वेळ घालवला नाही. स्वच्छ कापड बादलीत बुडवून पिळलं आणि अप्पांचा चेहरा, मान, दोन्ही हात पुसून काढले. "अप्पा, ही आंघोळ झाली बघा. अव्वा, लिंग काढा." चांदीच्या डबीला त्यांनी स्वतः हात लावला नाही. अव्वानं ती उघडली, कपाळाला भस्म लावलं, लिंग अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तो हात खालून धरला. उजवा हात माझ्याकडं होता. पहिल्यांदा सुई घातली, शीर निसटली. माझे डोळे भरून आले आणि काही दिसेना. "रडायचं नंतर," शांताक्का म्हणाल्या, मराठीत. दुसऱ्यांदा शीर सापडली. इकडं अप्पांचे डोळे तळहातावर स्थिर झाले, ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग त्यांनी आपणहून तोंड उघडलं. शांताक्कांनी चमचा लावला, मी इंजेक्शनचा दांडा दाबला. डॉक्टर आले तेव्हा अप्पा अव्वाला विचारत होते, "एवढी माणसं कामून जमल्यात?"

साखरपाण्यानं काम केलं की माझ्या ग्लुकोजनं, हे मी शांताक्कांना पुढं कित्येकदा विचारलं. त्या दरवेळी म्हणायच्या, "पुस्तकात लिही, ग्लुकोजनं." आणि हसायच्या.

मग केसपेपर पुढ्यात ठेवला. "लिही. इन्सुलिन दिलं, खाल्लंय का ते बघितलं न्हाई. तुझी सही." मी लिहिलं. "आता अप्पाचा पोरगा यील शेतातून. त्याला तूच सांगायचं. मी शेजारी उभारते."

पोरगा आला तो येळवशीचं सगळं घेऊनच. डोक्यावर आंबिलीचं मडकं, हातात भज्जीचं पातेलं, मागं बायको-पोरं. मी सांगितलं. शब्द अडखळले, पण सगळं सांगितलं. त्यानं मडकं हळूच खाली ठेवलं. भांडण करणारा माणूस नव्हता तो, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागलं. "अक्का," तो शांताक्कांना म्हणाला, "ही पोरगी उद्यापासनं अप्पाच्या अंगाला हात लावायची न्हाई. दुसरी कोन बी द्या." शांताक्कांनी मान हलवली. अप्पा झोपले होते. पोराचं म्हणणं बरोबरच होतं. त्याच्या जागी मी असते तर मडकं इतकं हळू ठेवलं नसतं.

दोन वाजता दादा मोटारसायकल घेऊन आले. मी म्हणलं, मी नाही येत. अप्पांची साखर दर तासाला बघायची होती, ती मलाच बघायची होती. दादांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, गाडी वळवली आणि तासाभरानं पंगतीतलं सगळं बांधून परत आले.

आणि मग त्या वॉर्डात जी येळवस झाली! एकाला डबा आला की त्याचा वास दुसऱ्याच्या नाकात, आणि नको म्हणणाऱ्यावर रागावण्याची रीत काही शेतातच राहत नाही. मागच्या लिंबाखाली सतरंज्या पडल्या. हणमंतराव स्वतःच्या सलाईनचा दांडा स्वतः धरून चालत आले, आवाज एकदम गोड. कोण काय खाणार ते शांताक्का एकेकाच्या पानावर बघून ठरवत होत्या. बीपीवाल्याला मिठाचं लोणचं नाही, जुलाबवाल्याला भज्जी नाही पण आंबील जरूर, बाळंतिणीला खीर डबल. सकाळी जन्मलेल्या बाळाच्या आजीनं त्याचं नाव पांडुरंग ठेवायचं की शिवकुमार यावर तीन भाषांत वाद घातला. अप्पांना मोजून एक उंडा आणि अर्धी वाटी भज्जी मिळाली. खीर नाही म्हणल्यावर त्यांनी नातवाच्या वाटीकडं असं बघितलं की सगळे हसलो. मीही हसले. तुरीचे दाणे दातांखाली फुटत होते, ऊन पाठीला लागत होतं, आणि ज्या माणसाला मी सकाळी घालवून बसले असते तो समोर बसून वाटी चाटत होता. तेवढं चवदार जेवण मी पुढं कुठल्याच शेतात जेवले नाही.

हे सगळं इतकं सविस्तर आठवतं, आणि फळ्यावरची ती रेघांची यादीही अजून खोटी वाटत नाही. श्वास आधीच. पण त्याच्या खालची ओळ प्रत्येक खाटेला वेगळी असते. एखाद्या बाईला म्हशीची धार कोण काढणार हे कळल्याशिवाय तिचं बीपी उतरत नाही. एखाद्या म्हाताऱ्याला दाढी केल्याशिवाय भूक लागत नाही. आता मी सकाळी दारात ट्रे ठेवते आणि चालत जाते. पोरी घड्याळ बघत उभ्या राहतात.

त्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी दाराशीच थांबले होते. हॉटेल उघडलं होतं, अव्वानं बादली आणली, अप्पांची पूजा झाली. डॉक्टरांनी डोस कमी केला होता आणि सांगितलं होतं की ताट मांडीवर आलं की मगच टोचायचं. ठरल्याप्रमाणं शांताक्का स्वतः सुई घेऊन गेल्या. पोरगा हाताची घडी घालून उशाशी उभा. अप्पांनी मांडीवरचं ताट सरळ केलं, शांताक्कांकडं बघितलं आणि टोचायला पोटावरचा सदरा वर केलाच नाही.

"ती पोरगी कुठं हाय?"

"अप्पा, तिला मीच नको म्हणलोय," पोरगा म्हणाला.

"तुला टोचायचंय का मला?" अप्पा त्याला म्हणाले, आणि दाराकडं मान वळवून मला बोलावलं. मी गेले. "काल तू इचारलीस, खाणार न्हवं. मी व्हय म्हणलो. कधी खाणार ते तू इचारली न्हाईस, मी बी सांगितलो न्हाई. पूजेची गोष्ट माणसं बघून सांगतो मी. तुझी अर्धी चूक, माझी अर्धी."

शांताक्कांनी सुई माझ्या हातात दिली. अप्पांनी सदरा वर केला, उप्पिटाचा पहिला घास हातात तयार धरला.

"टोच आता," ते म्हणाले. "उप्पीट गार व्हायलंय."